‘नाटक’ या शब्दाविषयी : एका प्रतिक्रियेला उत्तर

सप्रेम नमस्कार.

नर्मदा परिक्रमेच्या शेवटच्या आठ दिवसांवर, घर जवळ येत असताना पाय मागे ओढत होते असे सांगणारा, जो लेख मी लिहिला, त्यावरची आपली प्रतिक्रिया मी तीन वेळा वाचली आणि मन शांत व्हावे म्हणून दोन दिवस थांबून हे उत्तर लिहायला बसले. आपले आक्षेप असे आहेत : त्या दिवसांतली एक संध्याकाळ आम्ही नेमावरला होतो हा उल्लेख चुकीचा आहे, सामान टेम्पोत टाकून चालण्याला परिक्रमा म्हणू नये, शहरातल्या सुखवस्तू लोकांनी खेड्यातल्या गरिबांचे सदाव्रत, म्हणजे परिक्रमा करणाऱ्यांना मिळणारा फुकट शिधा, घेऊ नये, आणि शेवटी हे वाक्य : “पाय मागे ओढत होते वगैरे सगळे नाटक आहे काकू, चार महिने पायपीट केलेला माणूस घरी पळायला बघतो.”

नेमावरविषयी आपण बरोबर आहात. नेमावर आणि तिथले सिद्धनाथाचे मंदिर उत्तर तटावर आहे, आणि परतीच्या टप्प्यात आम्ही दक्षिण तटावरून येत होतो. त्या संध्याकाळी आम्ही हंडियाच्या घाटावर बसलो होतो, दर्शन रिद्धनाथाचे घेतले होते आणि सिद्धनाथाचे शिखर पलीकडे दिसत होते. उत्तर तटाने जाताना काही आठवड्यांपूर्वी तिथे केलेला मुक्काम आणि ही संध्याकाळ माझ्या मनात एकत्र झाली. लिहिताना मी टिपणवही उघडून पाहायला हवी होती. मात्र त्यावरून आम्ही मध्येच मैया ओलांडली असावी असे आपण सुचविता, ते मला लागले. परिक्रमेत नर्मदा उजव्या हाताला ठेवायची आणि समुद्रसंगमाखेरीज कुठेही ओलांडायची नाही, हा नियम आमच्या चौदा जणांपैकी एकानेही मोडलेला नाही.

आता आपल्या त्या वाक्याकडे येते. इंदुरात शेजारपाजारची मुले मला काकू म्हणतात आणि त्या हाकेने मला बरे वाटते. पण स्वतःचे नाव न लिहिता, आधी ‘नाटक’ म्हणून मग ‘काकू’ म्हणणे यात आपुलकी नसते, समोरच्या बाईला गप्प बसविण्याची घाई असते. आपल्याला माझे लिहिणे भाबडे वाटले असते तर तसे म्हणता आले असते. जे मी डोळ्यांनी पाहिले ते खोटे आहे, असे आपण घरी बसून कशाच्या आधारावर म्हणता?

घरची ओढ नव्हती असे मी कुठेही लिहिलेले नाही. अमरकंटकहून, नर्मदेच्या उगमापासून, वळल्यावर आम्ही सगळेच दिवस मोजत होतो. आमच्यातले एक गृहस्थ, इंदूरच्या कापडगिरणीतून निवृत्त झालेले, रोज पहाटे “नर्मदे हर” म्हणून झाल्याबरोबर उरलेल्या दिवसांचा आकडा मोठ्याने सांगत आणि आम्ही हसत असू. हंडियानंतर तीन-चार दिवसांनी त्यांनी आकडा सांगणे बंद केले. कोणी विचारलेही नाही. सबंध वाटेत सर्वांच्या पुढे चालणारा हा माणूस पुनाशाच्या अलीकडे सर्वांच्या मागे चालू लागला, तेव्हा पाय दुखतात का असे मी विचारले. ते म्हणाले, “पायांना काही झालेलं नाही, ताई.” यात नाटक कोणते आणि ते कोणासाठी?

त्या भागातून आपण पायी गेला असता तर आणखी एक गोष्ट आपल्याला ठाऊक असती. हंडियाच्या पुढे इंदिरा सागर धरणाचे बॅकवॉटर लागते. 900 चौरस किलोमीटरांहून मोठा हा जलाशय आहे. 2004 साली हरसूद गाव याच धरणासाठी उठविले गेले. पाणी चुकवीत डांबरी रस्त्याने चालावे लागते आणि मैया दिवसच्या दिवस नजरेस पडत नाही. आजूबाजूला कापणीला आलेला गहू, मध्येच फुललेला पळस, आणि ती मात्र कुठेच नाही. त्या दिवसांत आमच्यापाशी नर्मदा होती ती फक्त कुपीत. परिक्रमा उचलताना ओंकारेश्वरला भरलेली, संगमावर आणि अमरकंटकला थोडे पाणी वाहून पुन्हा भरून घेतलेली ती काचेची बाटली, तिच्या गळ्याला बांधलेला आणि आता मातकट झालेला लाल धागा. आरतीपूर्वी ती पुसण्याचे काम आमच्यातल्या एका वहिनींकडे होते. एरवी दोन मिनिटांत उरकणारे ते पुसणे शेवटच्या आठवड्यात इतके लांबू लागले की वातीतले तूप थिजून जाई, आणि तरीही कोणी त्यांना आटपा म्हटले नाही. पुनाशाहून ओंकारेश्वर दोन मुक्कामांवर होते. आम्ही तीन केले. ठरवून केले नाहीत, सकाळी कोणी उठून पिशवी भरलीच नाही.

माझ्या घरातलेही सांगते. माझ्या वडिलांनी धरणे होण्यापूर्वी, शूलपाणीच्या झाडीतून, अंगावरचे कपडेही लुटले जात त्या काळात परिक्रमा केली होती. आई सांगायची की परतल्यावर महिनाभर ते पहाटे चारला उठून दंड हातात घेऊन अंगणात उभे राहत. 1978 साली जलूदहून नर्मदेचे पाणी इंदूरला आले आणि आमच्या नळाला पहिली धार लागली, तेव्हा त्यांनी तिला हात जोडलेले मी स्वतः पाहिले आहे. हे त्यांचेही नाटकच म्हणायचे का?

टेम्पोविषयी एवढेच की तो होता, आणि तो होता हे लेखात पहिल्याच परिच्छेदात लिहिले आहे. सदाव्रताबद्दल देणाऱ्यांनी कधी तक्रार केली नाही, तेव्हा आपण त्यांच्या वतीने ती करू नये.

118 व्या दिवशी आम्ही ओंकारेश्वरच्या दक्षिण तटावर पोहोचलो. कन्यापूजन झाले, कढाईतला शिरा वाटला, आणि मग इतके दिवस वर्ज्य असलेला पूल ओलांडून ओंकाराच्या पिंडीवर कुपीतले पाणी घातले. त्यावेळी गिरणीवाले गृहस्थ पुलाच्या अलीकडेच थांबले होते. त्यांना आणायला मी परत गेले.

नेमावरची दुरुस्ती मूळ लेखात आजच करीत आहे. त्या आठ दिवसांविषयी लिहिलेले बाकी सारे आहे तसेच राहील.

नर्मदे हर.