आधी सह्या घेता, मग ठराव लिहिता?

काल 14 ऑगस्टला आमच्या गावात महिला ग्रामसभा झाली, असं रजिस्टरात लिहिलंय. मी तिथं होते. तिथं जे झालं त्याला सभा म्हणत नाहीत.

सकाळी 9 वाजून 40 मिनिटांनी गावाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर मेसेज पडला. ‘आज 11 वा. महिला ग्रामसभा, सर्व महिलांनी उपस्थित राहावे.’ ग्रामसभेची नोटीस सात दिवस आधी द्यायची असते. दवंडी द्यायची, चावडीवर कागद लावायचा. इथं सव्वा तास आधी मेसेज, तोसुद्धा अशा ग्रुपवर जिथं गावातल्या निम्म्या बायका नाहीतच, कारण घरात फोन एक आणि तो नवऱ्याच्या खिशात. दिवस कुठले? कपाशीच्या खुरपणीचे. बाया सात वाजताच रानात गेलेल्या. तीनशे रुपये रोज सोडून कोण येणार? कशी येणार? ज्यानं ही वेळ ठरवली त्याला हे माहीत नाही असं मी मानायला तयार नाही. तो याच गावात राहतो.

आलो आम्ही सतरा जणी. त्यातल्या पाच अंगणवाडी आणि आशाच्या, त्यांना यावंच लागतं. उरलेल्या बारा बचत गटाच्या. मी आमच्या गटाची सचिव आहे, सहा वर्षं झाली.

बसल्याबरोबर शिपायानं रजिस्टर फिरवायला सुरुवात केली. विषय वाचला नाही, मागच्या सभेचं इतिवृत्त वाचलं नाही, आधी सही. उजव्या पानावर अनुक्रमांक, नाव, सही. डाव्या पानावर प्रोसिडिंग, म्हणजे सभेत काय बोललं, काय ठरलं ते लिहायचं असतं. ते पान कोरं होतं. वर फक्त तारीख टाकलेली, बाकी ओळी रिकाम्या. माझ्या शेजारच्या आजींना सही येत नाही, त्यांचा अंगठा घेतला. शिपायानं त्यांचा हात धरून शाईच्या पॅडवर दाबला, मग कागदावर. आजींनी अंगठा पदराला पुसला आणि विचारलं, ‘कशाचा घेतला रं?’ तो म्हणाला, ‘आल्याचा.’

आल्याचा नव्हता तो. त्या कोऱ्या पानावर नंतर जे काही लिहिलं जाईल त्याला आजींनी मान्यता दिल्याचा अंगठा होता तो. हे त्या पोरालाही कळतं. भाऊसाहेबांना, म्हणजे आमच्या ग्रामसेवकाला, तर चांगलंच कळतं.

मग फोटो. मागच्या बायांनी पुढं बसा, जरा जवळ जवळ या, बॅनर दिसू द्या. मोबाईलमध्ये ते तारीख, वेळ, ठिकाण छापणारं कॅमेऱ्याचं ॲप असतं, त्यातून तीन फोटो. सरपंच ताई खुर्चीत बसल्या होत्या, बोलत होते त्यांचे मिस्टर. 2011 पासून आपल्या राज्यात पंचायतीत निम्म्या जागा बायकांना आहेत. ताई चांगल्या आहेत, माझा त्यांच्यावर राग नाही. पण महिला ग्रामसभेत एक गडी उभा राहून बायकांना सांगतो की ‘काही अडचणी असतील तर सांगा, पटपट’, याचा मला संताप येतो. त्या सतरा जणींत एकजण तरी त्या माणसासमोर उभी राहून सांगेल का, की माझ्या संडासात पाणी नाही आणि मला पहाटे चारला रानात जावं लागतं?

मी उभी राहिले. आमच्या मागण्यांचा कागद वाचायला लागले. दुसऱ्या मागणीवर भाऊसाहेब म्हणाले, ‘ताई, लेखी द्या.’ अहो, लेखी दिलंय! गेल्या वर्षी दिलं, त्याच्या आदल्या वर्षी दिलं, त्याची पोच माझ्याकडं आहे, ग्रामपंचायतीच्या गोल शिक्क्यासकट. ‘मग परत द्या, यंदाच्या कामांचा आराखडा वेगळा असतो.’ बावीस मिनिटांत सभा संपली. चहासुद्धा फोटोनंतर आला.

आता सांगते माझा राग कशावर आहे. काम होत नाही यावर तर आहेच. पण त्याहून जास्त राग आहे तो आम्हाला विचारल्याचं दाखवण्यावर. नका विचारू. सरळ सांगा, की मासिक सभेत चार सदस्य आणि ठेकेदार बसून ठरवतात. निदान खोटं तरी नाही होणार. पण नाही, त्यांना आमचं नाव पाहिजे, आमची सही पाहिजे, आमचे फोटो पाहिजेत, कारण आराखडा ‘लोकसहभागातून’ केला असं वर दाखवायचं असतं. ‘आमचं गाव, आमचा विकास’ या सरकारी मोहिमेचे बोर्ड भिंतीवर रंगवून आता दहा वर्षं होत आली. त्या भिंतीखाली बसून मी दर वर्षी हेच बघते.

आणि गावाला काय पाहिजे हे कळायला अवघड आहे का? आम्ही काढलं की! गेल्या उन्हाळ्यात आमच्या अकरा बचत गटांच्या बायांनी ठरवलं, आपणच विचारू. शाळेची दोनशे पानी वही घेतली. रात्री जेवणं उरकली की दोघी दोघी निघायच्या. आठ रात्रींत 236 घरं केली. गावठाण, दोन्ही वस्त्या, तांडा, मळ्यातली घरंसुद्धा. एकही घर सोडलं नाही.

विचारणं सोपं नसतं, हे मला तेव्हा कळलं. दारात जाऊन ‘काय पाहिजे?’ म्हटलं की पहिलं उत्तर घरकुल. दुसरं, म्हातारीचा पगार बंद झालाय तो चालू करा. लोकांना वाटतं आपल्याला काहीतरी द्यायला आलेत. मग बसायचं, पाणी प्यायचं, पुन्हा विचारायचं. घरचं राहू द्या, गावाचं सांगा. मग थांबतात. मग म्हातारा म्हणतो, ओढ्याचं बघा बाई. सुनेला वेगळं विचारावं लागतं, सासरा समोर असताना ती बोलत नाही. आम्ही तिला चुलीपाशी गाठायचो.

वस्तीवर आम्ही अंगणात खडूनं चित्रं काढली. ओढ्यावरचा पूल, दिव्याचा खांब, नळ, दवाखाना, स्मशानभूमीचं शेड. प्रत्येकीच्या हातात पाच चिंचोके दिले आणि सांगितलं, जिथं जास्त गरज तिथं जास्त ठेव. कुणी दोन इथं, दोन तिथं, एक तिकडं. एक बाई होती, तिशीतली असेल. तिनं पाचही चिंचोके नळाच्या चित्रावर ठेवले. मी म्हटलं, तुमच्याकडं तर नळ आहे ना? ती म्हणाली, ‘नळाला पाणी दोन दिसाआड अर्धा तास. प्यायचं भरू का संडासात टाकू?’ 2018 साली सगळा ग्रामीण महाराष्ट्र हागणदारीमुक्त जाहीर झाला. तिच्या दारात संडास आहे, त्यात सरपण ठेवलंय. मी डोळ्यांनी बघितलं.

236 पैकी 141 घरांनी पहिला नंबर दिला तो ओढ्यावरच्या पुलाला. फार मोठा पूल नाही हो, नळ्या टाकून करतात तसला. पावसाळ्यात ओढा आला की पलीकडच्या वस्तीची पोरं शाळेत येत नाहीत. मोठी पोरं लहानांना खांद्यावर घेऊन येतात, तेही पाणी मांडीपर्यंत असेल तोवर. दुसरा नंबर संडासाला आणि वापरायला पाणी. तिसरा, वस्तीच्या वाटेला दिवे. हे सगळं आम्ही वहीतून उतरवून काढलं, घरवार बेरीज केली, वस्तीप्रमाणे वेगळी, बायका-गडी वेगळे. चार पानं झाली. झेरॉक्स काढून भाऊसाहेबांच्या टेबलावर दिली. ते म्हणाले, ‘ठेवा तिथं.’

‘तिथं’ म्हणजे खिडकीत, जुन्या पेपरांवर.

डिसेंबरात माझ्या पोरानं मोबाईलवर ई-ग्रामस्वराज ही सरकारची साइट उघडून आमच्या गावचा आराखडा काढला. कुणीही बघू शकतं ते. मंदिरासमोर पेव्हर ब्लॉक. गावात शिरताना स्वागत कमान. ज्या गल्लीत तीन वर्षांपूर्वी गटार झालं त्याच गल्लीत भूमिगत गटार. कचराकुंड्या खरेदी. पूल नाही. वापरायच्या पाण्याचं काही नाही. दिवे नाहीत. आमच्या चार पानांतलं एक अक्षर नाही त्यात. 236 घरांत एकानंसुद्धा कमान मागितली नव्हती. वही आहे माझ्याकडं, या आणि शोधा.

जाऊन विचारलं तर उत्तर तयार होतं. ‘ताई, निधी बंधित असतो.’ बायांना काही कळत नाही असं समजून हा शब्द फेकतात. मला कळतं. पंधराव्या वित्त आयोगाच्या पैशातले 60 टक्के बंधित होते, ते पाणी आणि स्वच्छतेवरच खर्चायचे, आणि 40 टक्के अबंधित, म्हणजे मोकळे. बरोबर ना? मग आमची दुसरी मागणी काय होती? पाणी आणि स्वच्छता! त्या 60 टक्क्यांत ती अगदी नेमकी बसते. झालेल्या गटाराच्या जागी दुसरं गटार बसतं त्यात, आणि संडासाला पाणी बसत नाही? आणि उरलेल्या 40 टक्क्यांत वस्तीच्या वाटेवरचे चार खांब बसत नाहीत, मंदिरापुढचे ब्लॉक बसतात?

पुलाचं मी समजू शकते. ग्रामपंचायतीच्या पैशात तो होणार नाही, हे मला मान्य आहे. मग तसं सभेत सांगा. ठराव करा, पंचायत समितीला पाठवा, जिल्हा परिषदेला पाठवा, आमदारांना द्या, जिल्हा नियोजन समितीकडं न्या. आम्ही पन्नास बाया बरोबर येतो, स्वतःच्या तिकिटानं येतो. पण त्यासाठी पुलाचं नाव ठरावात यायला पाहिजे, आणि ठराव तर आमच्या सह्या झाल्यावर कुणाच्या तरी घरी बसून लिहिला जातो.

मोठ्या ग्रामसभेची गोष्ट याहून वाईट. कोरम, म्हणजे कमीत कमी हजेरी, लागतो मतदारांच्या 15 टक्के किंवा शंभर, जे कमी असेल तेवढा. भरत नाही. मग सभा तहकूब. तहकूब सभेला कोरम लागत नाही. ती घेतात, तिला नेहमीची वीस टाळकी येतात, आणि अर्ध्या तासात सगळं मंजूर. आमच्या गावात गेल्या काही वर्षांत पहिल्या फेरीत भरलेली ग्रामसभा मला आठवत नाही. सभा तहकूब होणं हे यांच्या सोयीचं झालंय. म्हणून तर मेसेज 9:40 ला येतो.

आणि गावातल्या लोकांवरही मी चिडलेय, लपवत नाही. पारावर दिवसभर बसून पंचायतीला शिव्या देणारे ग्रामसभेच्या दिवशी पन्नास पावलं चालत नाहीत. ‘जाऊन काय होतंय’ म्हणे. गडचिरोलीतलं मेंढा लेखा शहरातलं गाव आहे का? आदिवासींचं, जंगलातलं, पाचशेच्या आसपास वस्तीचं गाव. ‘दिल्ली मुंबईत आमचं सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार’ म्हणाले आणि तसे वागले. बहुमतानं नाही, सगळ्यांना पटेपर्यंत बसून ठरवतात. 2009 मध्ये अठराशे हेक्टर जंगलाचा हक्क मिळवला त्यांनी. हिवरेबाजारात दर वर्षी पाऊस किती पडला, पाणी किती साठलं याचा हिशोब ग्रामसभेत मांडतात आणि कुठलं पीक घ्यायचं ते ठरवतात. त्या लोकांना वेळ होता आणि आम्हाला नाही, असं आहे का? आमच्याकडं माणसं येत नाहीत कारण एकदा येऊन, बोलून, हात हलवत परत गेलीत. एकदा नाही, चार-चार वेळा. माणूस किती वेळा येईल?

आमच्या वहीचं हेच मला सगळ्यात जास्त लागतं. 236 घरांत आम्ही गेलो. लोकांनी कामं टाकून, पोरांना गप्प बसवून आम्हाला सांगितलं. त्या पाच चिंचोक्यांच्या बाईनं मला चहा दिला. आता ती बाजारात भेटली की विचारते, ‘ताई, आमच्या पाण्याचं काय झालं?’ भाऊसाहेबांना नाही विचारत, सरपंचांना नाही विचारत. मला विचारते, कारण तिच्या दारात मी गेले होते. पुढच्या वेळी मी वही घेऊन गेले तर ती मला आत बोलावेल का? तिनं का बोलवावं?

काल रात्री सगळ्या गटांच्या बायांना आमच्या ओट्यावर बोलावलं. ठरवलं, 2 ऑक्टोबरच्या ग्रामसभेच्या आधी जी महिला सभा होईल तिथं आधी सही नाही. आधी विषय वाचा, आम्ही बोलू, ते आमच्यासमोर डाव्या पानावर लिहा, मोठ्यानं वाचून दाखवा, मग सही. कोऱ्या पानासमोर एकही अंगठा नाही. सगळ्या हो म्हणाल्या.

उठताना एकजण मागं थांबली. घरकुलाच्या यादीत तिचं नाव आहे. ती म्हणाली, ‘ताई, मी सही नाही केली आणि त्यांनी माझं नाव खाली ढकललं तर?’ ती पत्र्याच्या खोलीत राहते, दोन पोरं आहेत. काही होणार नाही असं तिला मी छातीठोक सांगू शकले नाही, कारण मला खात्री नाही. रात्रभर झोप आली नाही मला. एका बाईला स्वतःच्या गावाच्या सभेत सही न करण्याची भीती वाटते!

तिला मी म्हटलं, तू कर सही, तुला कुणी काही बोलणार नाही. बाकीच्यांचं मी आज सकाळी झेंडावंदन झाल्यावर भाऊसाहेबांना लेखी दिलं. ‘ठराव वाचून दाखवल्याशिवाय खालील महिला सही करणार नाहीत’, खाली त्रेचाळीस सह्या आणि अकरा अंगठे. त्यातला एक कालच्या आजींचा आहे. या वेळी त्यांना आधी सगळं वाचून दाखवलं, मग त्यांनी स्वतःच हात पुढं केला.

भाऊसाहेब म्हणाले, ‘ठेवा तिथं.’ मी ठेवलं नाही. शिक्का मारून पोच मिळेपर्यंत तिथंच उभी राहिले.