पाच पोती जिप्सम आणि एक बाटली

कोल्हापूर जिल्ह्यातल्या शिरोळ-हातकणंगले भागातल्या शेतकऱ्यांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर एक मेसेज फिरतोय: 'क्षारपड रानात एकरी पाच पोती जिप्सम टाका, वर जिवाणूंची एक बाटली सोडा, तीन महिन्यांत जमीन गोड. मग गहू, ज्वारी, मका काहीही पेरा. पीक पिवळं पडलं तर युरिया वाढवा.' यात थोडं खरं मिसळलंय, म्हणून तो पटतो.

जिप्सम हा चोपण जमिनीवरचा उपाय. सामू (पीएच) ८.५ च्या वर, भिजली की चिखल, वाळली की दगड, ती चोपण. तिच्या कणांना सोडियम चिकटलेलं असतं, जिप्सम ते हटवतं. नुसतं पांढरं मीठ फुटतं आणि सामू ८.५ च्या आत आहे, ती क्षारयुक्त. तिच्यात जिप्सम म्हणजे मिठात आणखी एक क्षार. पाच पोती म्हणजे अडीचशे किलो. वरच्या १५ सेंटिमीटर थरात, १०० ग्रॅम मातीमागे १ मिलिइक्विव्हॅलंट (प्रयोगशाळेतलं मोजमापाचं एकक) सोडियम हटवायलाच एकरी पाऊण टनाच्या आसपास जिप्सम लागतं. चोपणीत सोडियम असतं त्याच्या कितीतरी पट.

बरं, हटलेलं सोडियम जातं कुठं? ते पाण्याबरोबर खाली उतरून रानाबाहेर पडायला हवं. उसाला पाटानं पाणी पाजून जिथं भूजल मुळांपर्यंत आलंय, तिथं ते सोडियम उन्हाळ्यात परत वर येतं. म्हणून आधी चर किंवा जमिनीखाली सच्छिद्र पाईप, मग जिप्सम. शिरोळ तालुक्यात असे पाईप गाडून पडीक रानं पुन्हा पिकाखाली आली आहेत. खरी अडचण पाईपची नाही, ओढ्यापर्यंतच्या वाटेची आहे. ती शेजाऱ्याच्या बांधातून जाते. मेसेजमध्ये शेजारी कुठंच नाही!

बाटलीबद्दल थोडक्यात: काही जिवाणू मुळांवरचा ताण कमी करतात, मीठ खात नाहीत.

'काहीही पेरा' हे तर महाग पडेल. मातीच्या संपृक्त अर्काची (पाण्यानं पूर्ण भिजवलेल्या मातीतून काढलेल्या पाण्याची) क्षारता डेसीसायमन प्रति मीटरमध्ये मोजली, तर सातू साधारण ८ पर्यंत, ज्वारी ६.८, गहू ६, भात ३ आणि मका जेमतेम १.७ पर्यंत उत्पन्न न घटता सोसतो. ऊसही १.७ वरच. पण ज्वारीवर फार विसंबू नका. मर्यादा ओलांडली की तिचं उत्पन्न दर एककाला सुमारे १६ टक्क्यांनी घसरतं, गव्हाचं ७ टक्क्यांनी. ९ क्षारतेला गहूच सरस ठरतो. त्यातही कर्नालच्या केंद्रीय मृदा लवणता संशोधन संस्थेचा केआरएल २१० हा खास अशा जमिनीसाठीचा वाण.

पिवळेपणा दरवेळी नत्राच्या (नायट्रोजनच्या) कमतरतेचा नसतो. सामू चढला की जस्त आणि लोह मातीत असूनही पिकाला मिळत नाहीत. कोवळी पानं शिरांमध्ये पिवळी पडली तर लोह आठवा. अशा मातीवर फेकलेला युरिया अमोनिया होऊन उडतो. तो मातीआड करून, थोडाथोडा द्या. जस्ताची कमतरता असेल तर एकरी १० किलो झिंक सल्फेट. सोडियम पालाशाची (पोटॅशियमची) जागा अडवतं, म्हणून पालाशही हवं, पण सल्फेट ऑफ पोटॅशमधून. म्युरेट ऑफ पोटॅशमधून क्लोराइड येतं.

माती तपासायला देताना वरच्या वीतभर थरासोबत तीन फुटांपर्यंतचे वेगळे नमुने द्या. आणि बोअरचं पाणीही द्या. खारं तेच असेल, तर दर पाळीला रानात मीठ आपणच सोडतोय.