राखणदार परवानगी देत नाही

व्हायरस मेला होता. याबद्दल कोणाचंही दुमत नव्हतं, खुद्द अँटिव्हायरसचंसुद्धा नाही. 'धोका काढून टाकला' असं त्यानेच लिहून दिलं होतं. पण त्याच्या खालच्याच ओळीत 'धोका आढळला, ताबडतोब कारवाई करा' असंही होतं. कारवाईचं बटण दाबलं की एक चक्र गरगर फिरायचं, दमून थांबायचं, आणि चहाचा कप खाली ठेवेपर्यंत कोपऱ्यात लाल पट्टी पुन्हा हजर.

बरं, व्हायरस काही मोठ्या घराण्यातला नव्हता. पेन ड्राइव्हवर फुकट प्रवास करणारा साधा शॉर्टकट व्हायरस. जमिनीचे जुने कागद स्कॅन करायला तालुक्याच्या झेरॉक्सवाल्याकडे दिले, तिथून तो कागदांबरोबर घरी आला. तो तुमचे फोल्डर लपवतो आणि त्यांच्या जागी त्याच नावाचे शॉर्टकट मांडून ठेवतो. तुम्ही 'आजोबांचे फेरफार' म्हणून टिचकी मारता आणि आजोबांआधी हा उठून बसतो. अँटिव्हायरसने त्याला उंबऱ्यातच धरला, हे मात्र कबूल केलं पाहिजे. फोल्डर परत दिसायला लागले, पेन ड्राइव्ह कपाटात गेला. विषय संपला असं मला वाटलं. अँटिव्हायरसला वाटलं नाही.

मग मुंबईच्या भाच्याला फोन. कोकणात घरटी एक तरी असा मुंबईचा जाणकार असतो. गणपतीला आणि शिमग्याला प्रत्यक्ष, एरवी फोनवर. त्याने ऐकून घेतलं आणि म्हणाला, "मामा, व्हायरस नाहीच आहे. त्याची नोंद राहिलीय. अँटिव्हायरस ज्याला पकडतो त्याची इतिहासाच्या फोल्डरमध्ये फाईल ठेवतो. ती बिघडली की त्याला तोच धोका रोज नवा वाटतो. कितीही स्कॅन करा, सापडण्यासारखं काही असेल तर ना! फोल्डर रिकामा करायचा. दोन मिनिटांचं काम."

'दोन मिनिटांचं काम' हे शब्द मुंबईहून निघताना खरेच असतात. कशेडी ओलांडेपर्यंत त्यांचं काय होतं, देव जाणे.

इथे थोडा भूगोल सांगायला हवा. आमचं घर वेंगुर्ल्याच्या अलीकडे, डोंगराच्या पोटाशी. बघायला सुरेख आणि रेंजला नालायक. फोन लागतो तो फक्त खळ्यापलीकडच्या फणसाखाली, तेही बुंध्याला पाठ लावून दर्याकडे तोंड केलं तर. लॅपटॉपची बॅटरी केव्हाच वारलेली, त्यामुळे तो पडवीतल्या प्लगला दाव्याने बांधलेला. मध्ये खळं. मे सरत आलेला, आगोटीची घाई, आणि खळ्यात आईने कोकमाची सोलां वाळत घातलेली; आगळात बुडवून काढलेली, ओली, लालभडक, पाय ठेवायला जागा नाही.

पहिल्यांदा मीच धावलो. कागदावर लिहून आणायचा शहाणपणाही केला, पण लॅपटॉप दर पावलाला काहीतरी नवं विचारायचा आणि ते सांगायला परत फणस गाठावा लागे. थोड्या वेळाने माझ्या टाचांना सोलांचा रंग आणि सोलांना माझ्या टाचा लागल्या, तेव्हा आईने सूत्रं हाती घेतली. फोन घेऊन ती फणसाखाली, बाबा खळ्याच्या पायरीवर, मी पडवीत.

फोल्डर सापडला. तो लपवलेला असतो, आधी 'लपवलेल्या फाईल दाखवा' असं सांगावं लागतं, मग दिसतो. डिलीट दाबलं. लॅपटॉप म्हणाला, यासाठी अ‍ॅडमिनिस्ट्रेटरची परवानगी लागेल. अ‍ॅडमिनिस्ट्रेटर मीच. दिली. मग म्हणाला, आता 'सिस्टीम'ची परवानगी आणा.

मी बाबांना सांगितलं, बाबांनी आईला, आईने भाच्याला. उत्तर उलट्या वाटेने आलं: "तो म्हणता, त्या फोल्डरातलाच काढ. विंडोजच्या बाकीच्या फायलींका हात लावू नको. थंय ट्रस्टेड इन्स्टॉलर बसलोहा."

"तो कोण?" बाबांनी विचारलं. मी जमेल तेवढं सांगितलं. २००७ मध्ये व्हिस्टा आलं तेव्हापासून विंडोजने आपल्या मुख्य फाईलींची मालकी या ट्रस्टेड इन्स्टॉलरच्या नावावर करून ठेवली आहे. अ‍ॅडमिनिस्ट्रेटर झाला तरी त्याला त्या सरळ पुसता येत नाहीत.

बाबा दोन क्षण गप्प राहिले. "अरे, म्हणजे राखणदार! मगे सरळ सांग ना. तेका नारळ ठेव आणि मगे हात लाव."

त्या दिवशी विषयातलं सगळ्यात अचूक वाक्य तेच होतं. सातबारा कोणाच्याही नावावर असो, बाग असते राखणदाराची. तो दिसत नाही, बोलत नाही, पण त्याला न विचारता कोयता घातलात की रात्री तुम्हाला झोप नाही. आणि त्याचं तिथे बसणं उगाच नसतं. घरात शिरलेला व्हायरस पहिलं काम करतो ते अँटिव्हायरसचा गळा दाबण्याचं. म्हणून अँटिव्हायरस आपल्या फोल्डरला कोणालाच हात लावू देत नाही. मालक खरा की मालकाचं सोंग घेतलेला चोर, हे त्याला ओळखता येत नाही, तेव्हा तो दोघांनाही हाकलतो. तत्त्व मला पटलं. हाकलला जाणारा मी होतो, एवढंच.

नारळाच्या जागी भाच्याने आज्ञा पाठवली: 'टेकओन'. मालकी आपल्याकडे घेण्याची ही आज्ञा काळ्या खिडकीत टाईप करायची. त्यात रेघा होत्या, आणि रेघा दोन प्रकारच्या होत्या.

"तिरकी रेघ!" फणसाखालून आवाज आला.

"तिरकी रेघ!" पायरीवरून आला.

"कुठल्या बाजूला तिरकी?" मी.

"खयच्या बाजूक?" बाबा. फणसाखाली बराच वेळ खल झाला. शेवटी आईने सोलां हलवायची काठी उचलली आणि हवेत वाकडी धरली. बाबांनी आपली काठी तशीच धरली. पण बाबांचं तोंड माझ्याकडे होतं आणि आईचं दर्याकडे, तेव्हा उजवं कोणतं आणि डावं कोणतं यावर घरात आजवर न झालेली चर्चा झाली. 'बॅकस्लॅश' हा शब्द भाचा पुन्हा पुन्हा सांगत होता असं नंतर कळलं. तो आईने गाळला होता, कारण "ता इंग्लिश होता."

मालकी मिळाली. खिडकीत तसं लिहूनही आलं. परत डिलीट दाबलं. परत नकार. मालक आहात हे मान्य, पण अँटिव्हायरस जागा आहे तोवर नाही! "मगे तेका निजव," बाबा म्हणाले, आणि भाच्याचाही सल्ला नेमका तोच निघाला. लॅपटॉप सेफ मोडमध्ये सुरू करायचा, तिथे अँटिव्हायरस उठत नाही. शिफ्ट धरून रीस्टार्ट केलं, पुढच्या पडद्यांवर भाचा सांगेल ते निवडत गेलो. आणि निळ्या पडद्यावर लॅपटॉपने ४८ आकड्यांची किल्ली मागितली.

ही किल्ली म्हणजे बिटलॉकरची, विंडोजने आतल्या माहितीला घातलेल्या कुलपाची. लॅपटॉप चोरीला गेला तर आतलं कोणाला वाचता येऊ नये म्हणून. लॅपटॉप भाच्याने त्याच्याच खात्यावर सुरू करून दिला होता, त्यामुळे किल्ली नालासोपाऱ्यात. सहा-सहा आकड्यांचे आठ गट. हे गट असे केलेले असतात की प्रत्येकाला ११ने नि:शेष भाग जातो. एक आकडा इकडचा तिकडे झाला की हिशेब बसत नाही. भाच्याने अभिमानाने सांगितलेली ही माहिती खळं ओलांडून माझ्यापर्यंत आली ती "अकरान भाग घाल" एवढीच.

भाचा आकडे इंग्रजीत सांगतो. आई ते जसेच्या तसे ओरडायची.

"फाय!"

"पाच!" बाबा.

"नाय!"

"आकडो नाय म्हणता!" बाबा.

गटात पाचच आकडे भरले. सगळं पहिल्यापासून. नऊला नऊच म्हणायचं, असा ठराव झाला आणि भाच्याला मराठी आकडे सक्तीचे करण्यात आले. एकोणसत्तर म्हणायचं धाडस त्याने केलं नाही, सुटे सुटे सांगितले.

मधल्या वेळात तो आईला धीर देत होता. १९ जुलै २०२४ला क्राउडस्ट्राइक या कंपनीच्या सुरक्षा सॉफ्टवेअरचं सदोष अपडेट गेलं आणि मायक्रोसॉफ्टच्या अंदाजाप्रमाणे जगातले ८५ लाख विंडोज संगणक आडवे झाले. विमानतळांवर बोर्डिंग पास हाताने लिहून दिले. कोण्या व्हायरसने नव्हे, पहाऱ्यावर ठेवलेल्यानेच केलं ते. आणि उपाय हाच: सेफ मोडमध्ये जा, एक फाईल शोधा, डिलीट करा. कित्येक ठिकाणी त्या लोकांनाही आधी हीच ४८ आकड्यांची किल्ली शोधावी लागली.

बाबांनी एवढंच विचारलं, "तेंच्याकडे पण फणसच होतो काय?"

शेवटचा गट बसला. सेफ मोडसाठी चार नंबर दाबला. पडदा काळा झाला, चारही कोपऱ्यांत 'सेफ मोड' उमटलं. फोल्डर उघडला. आत क्रमांकांच्या नावाची, काही किलोबाइटची एक किरकोळ फाईल. डिलीट. या वेळी कोणी काही विचारलं नाही. लॅपटॉप परत सुरू केला तेव्हा कोपऱ्यात हिरवी खूण होती. आईने फोन ठेवला आणि ती सोलां पालथी करायला लागली.

दुसऱ्या दिवशी सकाळी गडग्यापलीकडचे दाजी कानाला पेन्सिल लावून आले. आवाज खाली आणून म्हणाले, "काल तुझ्या आवशीन आकडे सांगल्यान ते सगळे लिवन घेतलंय. फक्त शेवटचो तेवढो ऐकाक येवक नाय. तीन काय सात?"

मी म्हटलं, दाजी, तो आकडा कोणाला सांगायचा नसतो.

दाजींनी जाणत्यासारखी मान हलवली. "ता बाकी खरा. आकडो फुटलो की काय फायदो नाय."