कमीत कमी चाललेली डिझेल शोधा, बाकीचं आपोआप बिघडतं

तर ठरलंच म्हणजे. ऑफिस ८० किलोमीटर लांब, सकाळी जायचं रात्री यायचं, रस्ता जवळजवळ सगळा हायवे, आणि नवी गाडी परवडत असती तर तुम्ही असलं काही वाचत बसला नसता. म्हणून सेकंडहँड डिझेल. छान. योग्य माणसाकडे आलात, मला या विषयातला दांडगा अनुभव आहे, म्हणजे मी एकदा चुकीची गाडी घेतलीय आणि तिचे हप्ते अजून चालू आहेत. गाडी मधूनमधून चालू असते.

सुरुवात रंगापासून करा. वर्षाला कामाचे २२० दिवस धरले तरी ३५ हजार किलोमीटर तुम्ही त्या गाडीच्या आत बसून काढणार, आणि आतून रंग दिसत नाही, असला खवचट मुद्दा कुणी काढला तर लक्ष देऊ नका. सीटवर दीड तास बसल्यावर कंबर काय म्हणते, हेडलाइटचा उजेड किती लांब पडतो, १०० च्या स्पीडला आत बोललेलं ऐकू येतं का, या सगळ्या गोष्टी गाडी घेतल्यावर बघायच्या असतात. सनरूफ आहे ना? मग झालं तर.

आता मुख्य गोष्ट. रनिंग. गाडी बघायला गेलात की नाव सांगायच्या आधी विचारायचं, "किती चाललीय?" आकडा जितका लहान तितकी गाडी चांगली, यात डोकं लावण्यासारखं काही नाही. समजा दोन गाड्या आहेत, मॉडेल तेच, दोन्ही पाच वर्षांच्या, एक ३० हजार चाललेली आणि दुसरी १ लाख ८० हजार. दुसरीकडे ढुंकूनही बघू नका. आता तिथं कुणीतरी शहाणा मेकॅनिक उभा असणारच आणि तो हिशोब मांडायला लागेल, की बाबा रे, ३० हजारवाली दिवसाला सरासरी १६ किलोमीटर चाललीय, म्हणजे आठ जायला आठ यायला, सगळं सिग्नल आणि ट्रॅफिक, तासाला २० चा सरासरी स्पीड धर, मग तिचं इंजिन १५०० तास चाललंय. आणि १ लाख ८० हजारवाली हायवेवर ९० च्या सरासरीनं पळालीय, तिचे होतात २००० तास. म्हणजे किलोमीटर सहापट आणि इंजिनाचे तास दीडपटसुद्धा नाहीत. पुढं तो स्टार्टही मोजेल. आठ-आठ किलोमीटरच्या फेऱ्या म्हटल्या तर ३७५० वेळा इंजिन चालू केलं, त्यातल्या बऱ्याच वेळा पार थंड असताना, आणि ते नीट गरम व्हायच्या आत बंदही केलं. दुसरीच्या ८०-८० च्या फेऱ्या, २२५० स्टार्ट. क्लच कुठल्या गाडीत जास्त दाबला गेला असेल ते तूच सांग, असंही विचारेल. अशा माणसाला सोबत नेऊच नका. आकडेवारीनं माणसाचा मूड जातो.

डीपीएफबद्दल तर मुळीच विचारू नका. डीपीएफ म्हणजे सायलेन्सरच्या वाटेवर बसवलेला काजळीचा फिल्टर, युरोपात गेल्या पंधरा-एक वर्षांतल्या आणि भारतात २०२० पासूनच्या बहुतेक डिझेल गाड्यांत असतो. इंजिनातली काजळी त्यात साठते, आणि साठली की गाडी स्वतःच जादा डिझेल सोडून तो फिल्टर ६०० डिग्रीच्या आसपास तापवते आणि काजळी जाळून टाकते, याला म्हणतात रीजनरेशन. त्यासाठी तिला काय लागतं? गरम इंजिन आणि न थांबता दहा-वीस मिनिटं बऱ्यापैकी स्पीडला पळणं. बास. एवढंच. हायवेवाल्या गाडीला हे रोज फुकटात मिळतं, ड्रायव्हरला कळतही नाही. आणि आपली लाडकी ३० हजारवाली? ती बिचारी दर वेळी फिल्टर तापवायला घेते आणि मालक पार्किंगमध्ये येऊन चावी काढतो. परत दुसऱ्या दिवशी तापवायला घेते, परत चावी. पाच वर्षं.

गंमत पुढं आहे. रीजनरेशनसाठी उशिरा सोडलेलं ते जादा डिझेल, सगळं काही जळत नाही, बऱ्याच इंजिनांत थोडं सिलिंडरच्या भिंतीवरून खाली ओघळून इंजिन ऑइलमध्ये जातं. रीजनरेशन पुन्हा पुन्हा अर्धवट तुटलं की ऑइल पातळ होत जातं आणि लेव्हल वाढते. तुम्ही डिपस्टिक काढून बघाल तर ऑइल वरच्या खुणेच्या पण वर. याचा अर्थ काय लावायचा? अर्थात गाडी ऑइल खात नाही, उलट बनवते! असली गाडी सोडायची नाही. फार लाडात आली तर चावी बंद केल्यावरही स्वतःचंच ऑइल पिऊन ओरडत सुटणारं डिझेल इंजिन तुम्हाला प्रत्यक्ष बघायला मिळेल, क्वचितच मिळतं म्हणा, पण ज्यांनी बघितलंय ते आयुष्यभर सांगत बसतात.

माझीच गोष्ट सांगतो. मालक फार सज्जन होता. गाडी अशी चकचकीत की बॉनेटवर दगडाचा एक टिपका नाही. मी खूश, म्हटलं किती जपलीय बघा. बॉनेटवर टिपके नाहीत म्हणजे ती कधी ट्रकच्या मागं हायवेला पळालेलीच नाही, आणि मागच्या बंपरला सगळीकडे पार्किंगचे ओरखडे आहेत म्हणजे तिचा जन्म कुठं गेलाय, हे मला नंतर समजलं. घेतल्यावर तिसऱ्या आठवड्यात डॅशबोर्डवर पिवळा दिवा. मी म्हटलं जाईल आपोआप. (हाही एक महत्त्वाचा सल्ला, लिहून ठेवा, पिवळा दिवा म्हणजे फक्त सजावट, लाल झाल्यावर बघू.) मग गाडीनं पिकअप सोडला, हायवेला सगळ्यात डाव्या लेनमधून ६० नं रांगत गेलो, मागून ट्रकवाले हॉर्न देतायत. गॅरेजवाल्यानं कॉम्प्युटर लावला, फिल्टर काजळीनं नव्हे तर राखेनं भरलाय म्हणाला. काजळी जळते, राख जळत नाही, ती ऑइलमधून येते, आणि आधीच्या मालकानं डीपीएफला चालणारं कमी राखेचं ऑइल न घालता जे स्वस्त मिळेल ते घातलं होतं. ऑइल म्हणजे ऑइल, त्यात काय बघायचं.

यावर उपाय म्हणून तुम्हाला "फिल्टर काढून टाकलेली" गाडी पण कुणीतरी दाखवेल. वरून डबा तसाच, आतून पोकळ, आणि कॉम्प्युटरला समजावून सांगितलेलं असतं की सगळं ठीक आहे. बहुतेक देशांत हे बेकायदेशीर आहे, तपासणीत गाडी नापास होते, आणि तुमच्या मागच्या माणसाच्या फुफ्फुसात काय जातं तो विषय वेगळाच. पण तुम्ही सायलेन्सरच्या टोकाला आत बोट फिरवून बघूच नका, चांगला डीपीएफ असेल तर बोट जवळपास स्वच्छ निघतं आणि पोकळ असेल तर काळंकुट्ट. हात कशाला घाण करायचे.

बघायला जायची वेळ मालकाला आधी सांगून ठेवा, आणि तुम्ही पोचाल तेव्हा गाडी गरम करून ठेवायला आवर्जून सांगा. थंड इंजिन फार चहाडखोर असतं. पहिल्या स्टार्टला किती वेळ घरघरतं, निळसर धूर टाकतं का, खडखडाट येतो का, सगळं सांगून टाकतं. गरम झालं की गप्प. ओबीडी स्कॅनर, म्हणजे गाडीच्या कॉम्प्युटरला जोडून बिघाड वाचायचं यंत्र, तर हातातही धरू नका, त्यात जुने फॉल्ट दिसतात, आणि ते कालच रात्री पुसले असतील तर तेही दिसू शकतं, मग उगाच संशय, उगाच मनं दुखावतात. टेस्ट ड्राइव्ह कॉलनीतल्या कॉलनीत, दुसऱ्या गिअरमध्ये. हायवेला नेऊन पाचव्या-सहाव्या गिअरमध्ये कमी स्पीडवरून अॅक्सिलरेटर दाबून बघितलं तर क्लच सुटतो का, टर्बो शिट्टी मारतो का, स्टिअरिंग थरथरतं का हे कळण्याचा धोका असतो.

टायमिंग बेल्टचं, म्हणजे व्हॉल्व्ह आणि पिस्टन यांची वेळ जुळवणाऱ्या रबरी पट्ट्याचं काय? कंपनीनं बदलायला किलोमीटर सांगितलेत, आपली तर ३० हजारच चाललीय, मग प्रश्नच मिटला. त्याच ओळीत पुढं "किंवा इतकी वर्षं, जे आधी येईल ते" असं छापलेलं असतं, ते वाचायचं नाही. रबर पडून पडूनही म्हातारं होतं म्हणे. बेल्ट हायवेला तुटला तर बहुतेक डिझेलमध्ये व्हॉल्व्ह आणि पिस्टन यांची थेट भेट होते आणि इंजिन खोलायला लागतं. टायरचंही तसंच, टायरच्या कडेला चार आकडे असतात, १२१४ म्हणजे २०१४ सालचा बारावा आठवडा. नक्षी अगदी नव्यासारखी, कारण गाडी चाललीच नाही ना! त्याच टायरवर रोज १६० किलोमीटर, बिनधास्त.

आणि हो, मीटरवरच्या आकड्यावर पूर्ण विश्वास ठेवा. डिजिटल आहे, डिजिटल खोटं बोलत नाही. लॅपटॉप जोडून आकडा मागं घेता येतो वगैरे अफवा असतील. ४० हजार चाललेल्या गाडीच्या ब्रेक पेडलचं रबर गुळगुळीत झालंय, सीटची दाराकडची कड बसलीय, स्टिअरिंगचं लेदर तुळतुळीत चमकतंय, तर समजा मालकाला पाय घासायची सवय असेल. सर्व्हिस रेकॉर्ड? हरवलं. आधीच्या ओनरकडे राहिलं. पाणी पडलं त्याच्यावर. तिन्ही कारणं एकाच दमात मिळाली तर लगेच टोकन देऊन टाका.

अ‍ॅव्हरेज मात्र ब्रोशरमधूनच काढा. २०१७ च्या आधी आलेलं मॉडेल असेल तर युरोपातला तो आकडा एनईडीसी नावाच्या टेस्टचा. लॅबमध्ये रोलरवर वीस मिनिटांपेक्षा थोडं कमी, ११ किलोमीटर, सरासरी स्पीड ३४ च्या आतबाहेर, आणि १२० चा स्पीड फक्त काही सेकंद. अगदी तुमच्या रोजच्या प्रवासासारखंच, नाही का. हवेचा अडथळा स्पीडच्या वर्गानं वाढतो, १०० चं १३० केलं की तो जवळपास ७० टक्क्यांनी वाढला, पण ब्रोशरला वारा लागत नाही. आणि टेस्टच्या वेळी गाड्या कशा शहाण्यासारख्या वागतात ते जगानं सप्टेंबर २०१५ मध्ये बघितलंच. फोक्सवॅगननं सुमारे १ कोटी १० लाख डिझेल गाड्यांत असं सॉफ्टवेअर घातलेलं निघालं की टेस्ट चालू आहे हे ओळखून धूर साफ ठेवायचा आणि रस्त्यावर आल्यावर सोडून द्यायचा, अमेरिकेत तर काही गाड्यांचे नायट्रोजन ऑक्साइड मर्यादेच्या ४० पटीपर्यंत. विकायच्या दिवशी गाडी गरम करून ठेवणारा आपला सज्जन मालक त्यापुढं बाळच म्हणायचा. त्या काळातली गाडी बघत असाल तर तिचं नंतरचं अपडेट झालंय का हे विचारणं म्हणजे जुन्या जखमा उकरणं, जाऊ द्या.

युरो ६ वाली, म्हणजे युरोपातल्या धुराच्या नियमांची सहावी पायरी पाळणारी, घेतलीत तर बहुतेकींत धुरातले नायट्रोजन ऑक्साइड कमी करणाऱ्या अ‍ॅडब्लूची वेगळी टाकी असते, पाण्यात ३२.५ टक्के युरिया. ते संपत आलं की गाडी उरलेले किलोमीटर मोजून दाखवायला लागते, आणि शून्यावर येऊन एकदा बंद केली की परत चालू होत नाही. सस्पेन्स आवडत असेल तर छान फीचर आहे. फक्त ते चुकून डिझेलच्या टाकीत ओतू नका, हा एक सल्ला मी सरळ मनानं देतोय, बाकीच्यांशी घोळ करू नका.

आता समजा एवढं सगळं करूनही तुम्ही चुकून त्या १ लाख ८० हजारवालीपाशी पोचलात. बॉनेटवर दगडांचे टिपके, रंग कंटाळवाणा करडा, मालक रोज हायवेनं कामावर जाणारा, थोडा बोअर. सकाळी सातला बोलवेल, गाडी थंडगार. हातात फाइल, त्यात ऑइलच्या प्रत्येक बिलावर ग्रेड, टायमिंग बेल्ट वर्षं बघून बदललेला, टायर मागच्या वर्षीचे, ड्युअल-मास फ्लायव्हील (इंजिन आणि क्लचच्या मधलं, धक्के झेलणारं जड चाक) खडखडायला लागलं म्हणून क्लचसकट बदललं त्याचंही बिल. म्हणेल, पाहिजे तर तुमच्या मेकॅनिकला दाखवा, मला घाई नाही. अशा वेळी अजिबात डगमगायचं नाही. मीटरकडं बघून तोंड वाकडं करायचं, "बापरे, फारच चाललीय हो," म्हणायचं, आणि फाइल परत त्याच्या हातात द्यायची. फक्त निघताना त्याचा नंबर घेऊन ठेवा. तुम्हाला नको असेल, मला पाहिजे.