स्नातक म्हणजे आंघोळ झालेला

आमच्या आळीत मी 'शिकलेला' म्हणून ओळखला जातो. त्यामुळे बँकेची स्लिप, वीजबिलातला 'स्थिर आकार' आणि भावकीतल्या वकिली नोटिसा अशी सगळी दुःखं माझ्याच ओट्यावर येऊन बसतात. मागच्या महिन्यात मंडळाचा अध्यक्ष येऊन बसला. पलीकडच्या वाड्यातल्या पोरीला पीएचडी मिळाली होती, उसावरच्या लोकरी मावा या किडीवर. चौकात दहा बाय सहाचा फ्लेक्स लागणार होता.

"काका, नावाच्या आधी एक भारीतला शब्द द्या. पण एका ओळीत बसंल असा."

कारण बाकीच्या जागेत अकरा शुभेच्छुक होते. पोरीचा फोटो कुठं बसतोय ते नंतर बघणार होते.

मी म्हटलं, हात्तिच्या! गाव वाई. मराठी विश्वकोशाचं काम जिथून चाललं, ते हे गाव. पहिला खंड १९७६चा, प्रमुख संपादक तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी. इथल्या माणसाला विद्वानासाठी शब्द सापडू नये?

मी 'विदुषी' दिला. ओट्याच्या कडेला शेंगा फोडत बसलेल्या आत्याने मान वर केली. "विदूषक म्हणायचं तर सरळ म्हणा की. अजून लग्नाचं बघायचंय तिच्या."

'व्युत्पन्न' म्हटल्यावर आबांनी विचारलं, "किती एकराचं?"

'प्रकांड पंडिता' अध्यक्षाला आवडला होता. पण मला गप्प बसवेना. संस्कृतात प्रकांड म्हणजे झाडाचा बुंधा, एवढंच बोललो. पोर पंचेचाळीस किलोची. बुंधा बाद झाला. 'बहुश्रुत' म्हणजे ज्याने पुष्कळ ऐकलंय तो. या हिशेबाने आळीतली सर्वांत बहुश्रुत बाई शेंगा फोडत समोरच बसली होती. तिला तर न बोललेलंही ऐकू येतं. 'उच्चविद्याविभूषित' लांबीला चांगला होता, पण हा शब्द वधूवर मेळाव्यात इतका वापरून झालाय, की तिथं त्याचा अर्थ बीकॉम होतो. 'तज्ज्ञ' फ्लेक्सवाल्याने एक ज खाऊन 'तज्ञ' टाइप केला. मी आक्षेप घेतला, तर तो म्हणाला, "वाचणारे कुठं तज्ञ आहेत काका?" त्यानेही ज खाऊनच उच्चार केला.

वैतागून संध्याकाळी घाटावर जाऊन बसलो. समोर कृष्णा, आणि बसल्या बसल्या डोक्यात ट्यूब पेटली. स्नातक म्हणजे ज्याची आंघोळ झाली तो. गुरूकडचं शिक्षण संपलं की स्नान असायचं. निष्णात म्हणजे नीट, बुडी मारून न्हालेला. पारंगत म्हणजे पोहून पैलतीराला लागलेला. तीर्थ म्हणजे तर नदीचा उतार, घाटच. तर्कतीर्थ ही कलकत्त्याची पदवी, शास्त्रीजींनी १९२३ साली मिळवलेली; म्हणजे तर्काच्या पाण्यात उतरायची पायरी. एकाच गुरूचे शिष्य ते सतीर्थ, एका घाटावरचे. सगळी विद्या पाण्यात! वाईला सात घाट का आहेत, ते मला तरी त्या दिवशी पटलं.

धावत जाऊन अध्यक्षाला हे सगळं सांगितलं. तो बराच वेळ माझ्याकडे बघत राहिला.

"म्हंजे फ्लेक्सवर 'न्हालेली' लिहायचं?"

आबा मध्ये पडले. "तुमच्यासारख्यांसाठीच समर्थांनी लिहून ठेवलंय." आबा दर गुरुवारी सज्जनगडावर जातात, त्यामुळे वाद घालता येत नाही. आणि खरंच, दासबोधात दुसऱ्या दशकाच्या पहिल्या समासात मूर्खाची लक्षणं आहेत आणि दहाव्यात पढतमूर्खाची. शिकलेला मूर्ख साध्या मूर्खांत मावला नाही. त्याला वेगळा समास काढून द्यावा लागला. दीडशहाणा, अतिशहाणा, पढतपंडित, पुस्तकातला किडा... उतरवायचं म्हटलं की मराठीची जीभ कशी सरसर चालते बघा! चढवायचं म्हटलं की लगेच सोवळं नेसून संस्कृत बोलायला लागते. (किडा हा शब्द इथे विषयाला धरून होता, पण मी सुचवला नाही. एवढी अक्कल आहे.)

शेवटी फ्लेक्सवर 'डॉक्टर झाली' एवढंच छापलं. दुसऱ्या दिवशी सकाळी वाड्यात दोन गुडघे आणि एक बीपी हजर.

चौथ्या दिवशी बावधनचे एक म्हातारबा आले. वर्तमानपत्रात गुंडाळलेलं उसाचं पान होतं, खालच्या अंगाला कापूस चिकटल्यासारखं पांढरं. पोरीने खिशातून भिंग काढलं, पान उजेडाकडे धरलं आणि काडीने पांढरं जरा बाजूला सारलं.

"आजोबा, हा मावा. आणि त्याच्यात ही हिरवट अळी दिसतीय ना? ती मावा खाते. आत्ता फवारलंत तर आधी हीच मरंल. आठ दिवस थांबा, मग परत पान आणा."

म्हातारबांनी भिंगातून एकदा बघितलं, परत बघितलं. पान पुन्हा कागदात गुंडाळलं, जपून, अळीला धक्का लागणार नाही असं. जाताना माझ्या ओट्याशी थांबले. मी शिकलेला आहे हे त्यांना कुणीतरी सांगितलेलं असावं. मला वरपासून खालपर्यंत न्याहाळून म्हणाले,

"पोरगी शिकलीया, तरीबी कळतंय तिला."