पस्तिशीनंतर बाई पेशंट उचलायला चालते, शिकायला नाही

ओडिशातले जयकिशोर प्रधान स्टेट बँकेतून निवृत्त झाले, २०२० साली वयाच्या ६४व्या वर्षी मेडिकल प्रवेशाची 'नीट' परीक्षा पास झाले आणि बुर्ल्याच्या सरकारी मेडिकल कॉलेजात एमबीबीएसला जाऊन बसले. पेपरांनी फोटो छापले, बरंच केलं. पुढे २०२२ मध्ये नीटची वरची वयोमर्यादाच काढून टाकली. म्हणजे आज साठीच्या माणसाला डॉक्टर व्हायचं असेल तर व्हा म्हणतात.

नर्स व्हायचं असेल तर? भारतीय परिचर्या परिषदेच्या नियमात एएनएम (सहायक परिचारिका आणि प्रसाविका), जीएनएम (त्याच्या वरचा नर्सिंगचा डिप्लोमा), बीएस्सी नर्सिंग, सगळीकडे प्रवेशाचं वय १७ ते ३५. त्यापुढे खिडकी बंद.

हे मला कळलं एका कॉलेजच्या काउंटरवर, वयाच्या एकेचाळिसाव्या वर्षी. क्लार्कनं फॉर्म पुढं सरकवला, जन्मतारीख विचारली आणि फॉर्म परत ओढून घेतला. त्या बिचाऱ्याची काही चूक नव्हती, नियम त्यानं केला नव्हता.

मी बी.कॉम. सांगलीत एका कापड दुकानाचे हिशेब लिहायची. सासऱ्यांना अर्धांगवायू झाला आणि मग काही वर्षं घर म्हणजेच वॉर्ड झाला. आण्णांचं सगळं मी आणि ब्युरोची बाई मिळून करायचो. ब्युरोची बाई हा शब्द आपल्याकडे आता कुणाला समजावून सांगावा लागत नाही. पोरं पुण्याला, बंगलोरला, नाहीतर त्याच्याही पलीकडे. आणि म्हातारा-म्हातारीच्या घरी बारा तासांच्या ड्युटीची बाई. आण्णा गेले तेव्हा दुकानात परत जायचं जीवावर आलं. हे काम मला येत होतं आणि आवडत होतं. (आवडतं म्हटलं की लोक विचित्र बघतात. घाणीचं काम आवडतं कसं? आवडतं.) ते नीट शिकावं, इतकंच मनात होतं.

जीएनएम हुकलं म्हणून मी जीडीए केलं, जनरल ड्युटी असिस्टंट, म्हणजे नर्सच्या हाताखाली पेशंटचं सगळं बघणारी मदतनीस. याला वरची वयाची अट नाही. काही महिन्यांचा कोर्स, त्यात दवाखान्यातली प्रत्यक्ष ड्युटी. आता मिरजेत एका लहान हॉस्पिटलात आहे. मिरज म्हणजे दवाखान्यांचं गाव, १८९४ साली डॉ. वॅनलेस यांनी मिशन हॉस्पिटल काढलं तेव्हापासून. स्टेशनवर उतरणाऱ्यातला कोण पेशंट आणि कोण नातेवाईक हे इथल्या रिक्षावाल्यालासुद्धा चेहऱ्यावरून कळतं.

आता कोर्समध्ये काय शिकवतात ते ऐका, कारण "मावशीचं काम त्यात काय शिकायचं" असं म्हणणारे माझ्या घरातही होते. पेशंटची कूस दर दोन तासांनी बदलायची, हे सगळ्यांना ठाऊक असतं. पण ओढून बदलायची नसते. ओढलं की कातडी चादरीवर घासते आणि माकडहाडापाशी लाल डाग उठतो. पेशंटच्या खाली एक आडवी घडीची चादर घालून ठेवायची, दोघींनी दोन बाजूंनी धरायची, कमरेतून न वाकता गुडघ्यातून वाकायचं, एक-दोन-तीन म्हणायचं आणि एकदमच उचलून सरकवायचं. पाठीला उशी, दोन गुडघ्यांच्या मध्ये उशी, टाचा अधांतरी. लाल डाग दिसलाच तर बोटानं दाबून बघायचा. दाबल्यावर पांढरा पडला तर अजून हातात आहे. लालच राहिला तर जखमेची सुरुवात झाली, लगेच सिस्टरला सांगायचं. आण्णांच्या वेळी हे आम्हाला कुणी सांगितलं नव्हतं, आणि ती बाई वीस वर्षं हे काम करत होती, तिलाही कुणी सांगितलं नव्हतं.

कचऱ्याचंही तसंच. रक्तानं भरलेलं ड्रेसिंग पिवळ्या पिशवीत, सलाईनची नळी आणि हातमोजे लाल, सुई पांढऱ्या डब्यात, फुटलेली काच निळ्या खोक्यात. तोंडपाठ करायला दोन दिवस लागतात, पण रात्री तीन वाजता हात आपोआप योग्य डब्याकडे वळायला काही महिने जातात.

इन्सुलिनची गंमत सांगते. बाटली ४० ची (एका मिलीत ४० युनिट) असेल तर लाल टोपीची सिरिंज, १०० ची असेल तर केशरी. अदलाबदल झाली तर डोस अडीच पट चढतो किंवा उतरतो. इंजेक्शन आम्ही द्यायचं नसतं, ते सिस्टरचं काम. पण घरी ड्युटी करणाऱ्या बाईकडून लोक सर्रास करून घेतात. "तू रोज बघतेस की, दे आता." तिला कुणी टोपीचा रंग शिकवलेला नसतो. म्हणजे ज्या बाईला आपण ३५ नंतर शिकायला अपात्र ठरवलं, तिच्याच हातात सिरिंज देतो.

माझा सगळा राग इथे आहे. नर्सिंगला वय का घातलं, तर म्हणे अंगमेहनतीचं काम, रात्रपाळी, उभं राहणं. बरं. मग त्याच वॉर्डात ऐंशी किलोचा पेशंट उचलणाऱ्या मावशीचं वय कुणी विचारतं का? पन्नाशीच्या मावश्या आहेत आमच्याकडे. स्ट्रेचर त्या ढकलतात, बेडपॅन त्या देतात, आणि रात्री बाराला सिस्टरला चहाही त्याच आणून देतात.

आणखी एक. परिषदेच्याच नियमात एएनएम झालेल्या बाईला जीएनएम करायला वयाची अट नाही. म्हणजे पंचेचाळीसची एएनएम जीएनएमच्या वर्गात बसू शकते, तीन वर्षं शिकू शकते, नाइट करू शकते. तिचे गुडघे चालतात, माझे चालत नाहीत?

आणि 'आशा'चं, म्हणजे गावातल्या आरोग्य कार्यकर्तीचं बघा. तिथं सरकार स्वतःच २५ ते ४५ वयाची, लग्न झालेली किंवा विधवा, घटस्फोटित, गावातलीच बाई मागतं, कारण गावातल्या बाया तिच्याशी मोकळं बोलतात. अगदी खरं आहे. मग चाळीस वर्षांच्या आशाताईनं दहा वर्षं बाळंतपणं दवाखान्यात पोचवल्यावर तिला एएनएम व्हावंसं वाटलं, तर तेच वय आड यावं?

सरकारी सीटवर खर्च होतो, बाईनं पुढे जास्त वर्षं सेवा द्यायला नको का, असं एका ओळखीच्या डॉक्टरांनी विचारलं. मुद्दा चुकीचा नाही. राज्यात सरकारी भरतीचं वय खुल्या गटाला ३८ आणि मागासवर्गीयांना ४३ आहे, त्यामुळे चाळिशीत जीएनएम करून जिल्हा रुग्णालयात नोकरी मिळणार नाही, हे मलाही कळतं. पण एमबीबीएसची सीट स्वस्त आहे का? एएनएम दोन वर्षांचं, जीएनएम तीन. बेचाळिशीत सुरू केलं तरी पंचेचाळिशीत बाई कामाला लागते आणि खाजगीत, घरच्या पेशंटकडे, वृद्धाश्रमात पुढची पंधरा वर्षं राबू शकते. चोविसाव्या वर्षी पास होऊन लग्नानंतर घरी बसलेल्या किती मुली तुमच्या ओळखीत आहेत ते मोजा जरा.

अमेरिकेत, इंग्लंडमध्ये नर्सिंगला वरची वयाची अट नाही. माझी मावसबहीण न्यू जर्सीत पोरं मोठी झाल्यावर कम्युनिटी कॉलेजात गेली, शरीरशास्त्र आणि मायक्रोबायोलॉजी पोरांच्या बरोबरीनं घासलं, लायसन्सची परीक्षा दिली, आता आरएन, म्हणजे नोंदणीकृत नर्स आहे. इकडे नातेवाईकांत तिचं केवढं कौतुक! तीच सांगलीत असती तर म्हणाले असते, ह्या वयात काय हे डोहाळे.

आणि हे काही परदेशी खूळ नव्हे. १९०९ साली पुण्यात रमाबाई रानड्यांनी सेवासदन उभं केलं ते मोठ्या वयाच्या बायकांना शिकवण्यासाठीच. त्यांतल्या कितीतरी विधवा होत्या. त्यांना ससूनमध्ये नर्सिंग शिकायला पाठवलं, राहायला वसतिगृह काढलं. परक्या पुरुषाच्या अंगाला हात लावायचा म्हणून नावं ठेवणारे तेव्हा काही कमी नसतील. आज नावं ठेवायला कुणी उरलं नाही तर नियम आहे.

तरीही 'वय हा फक्त आकडा' छापाचे मोबाइलवरचे रील्स मला सहन होत नाहीत. चाळिशीत शिकणं म्हणजे चष्म्याशिवाय सिरिंजवरच्या रेघा न दिसणं. वीस वर्षांच्या पोरी एकदा वाचून शब्द पाठ करतात, आपण सकाळी पोळ्या लाटताना 'हायपोग्लायसेमिया' पुटपुटत बसतो. नवऱ्यानं विरोध केला नाही, आपल्याकडे ह्यालाच पाठिंबा म्हणतात. आणि पगार? दुकानातल्या हिशेबापेक्षा सुरुवातीला कमीच. ब्युरोतून गेलात तर त्यातलं कमिशन आणखी वेगळं. ज्यांचं घर एका पगारावर चालतं त्यांनी हे सगळं मांडून मगच उडी घ्यावी. बारावी सायन्स असेल तर डी.फार्म.कडेही (औषधशास्त्राचा डिप्लोमा) बघा, दोन वर्षांचं आहे आणि तिथं वय आड येत नाही.

मागणी माझी साधी आहे. अट काढा. सरसकट काढायला जड जात असेल तर निदान आशा, जीडीए आणि दवाखान्यात पाच-सात वर्षं काम केलेल्या मावश्यांसाठी काढा. एएनएमसाठी जे जीएनएमला केलंय, तेच इथं करायचं आहे, नवीन काही शोधायचं नाही.

तोवर एक मदत हवी आहे. आमच्या बॅचमधली एक मैत्रीण ३३ वर्षांची आहे, दहावी पास, हात इतका हलका की पेशंट तिचं नाव घेऊन हाक मारतात. बारावीला बाहेरून बसायचा १७ नंबरचा फॉर्म भरतेय. एका झटक्यात पास झाली तर पस्तिशीच्या आत एएनएमला लागते, आणि एकदा एएनएम झाली की पुढं जीएनएमला तिला कुणी अडवू शकत नाही. बाकी विषय ती काढेल, इंग्रजीची धास्ती आहे. मिरजेत किंवा सांगलीत संध्याकाळी सातनंतर कुणी बारावीचं इंग्रजी शिकवणारं असेल, फी परवडेल अशी, तर इनबॉक्समध्ये कळवा. तिची ड्युटी साडेसहाला सुटते.