मेंदूचा ९० टक्के भाग रिकामा नाहीये, गोळ्या बंद करू नका

सध्या एक लांबलचक फॉरवर्ड फिरतोय, "मेंदूचं गुपित, जे डॉक्टर तुम्हाला सांगणार नाहीत" असा मथळा असलेला. त्यात थोडक्यात असं आहे की माणूस मेंदूचा फक्त १० टक्के भाग वापरतो हे आइन्स्टाइनने सांगून ठेवलंय, विचार खरं तर हृदय करतं आणि मेंदू नुसता रेडिओ आहे, डाव्या मेंदूची माणसं हिशोबी आणि उजव्या मेंदूची कलाकार असतात, कपाळ रुंद असेल तर बुद्धी तल्लख. आणि मग शेवटी गाडी अर्धांगवायूवर येते. ज्याची वाचा गेली त्याची समजही गेलेली असते, त्याच्याशी बोलून उपयोग नाही, पण घाबरू नका, रिकामा पडलेला ९० टक्के मेंदू ४० दिवसांत आपोआप ताबा घेतो, गोळ्यांनी मात्र तो झोपून राहतो, म्हणून गोळ्या बंद करा.

माझ्या मामांना स्ट्रोक येऊन गेलाय. उजवा हात उचलत नाही, वाचा गेलीय. हा मेसेज मामींना नात्यातल्याच लोकांनी काळजीपोटी पाठवला, आणि त्यांनी मला फोन करून विचारलं की रक्त पातळ करायची गोळी आजपासून थांबवू का. त्यामुळे आता हे गप्प बसून सोडून देण्यासारखं राहिलेलं नाही.

किरकोळ मुद्दे आधी संपवते.

रुंद कपाळाचं खूळ २०० वर्षांहून जुनं आहे. फ्रान्झ गाल नावाच्या डॉक्टरने मेंदूत २७ शक्तींच्या २७ जागा ठरवल्या आणि कवटीवरच्या उंचवट्यांवरून माणसाचा स्वभाव सांगता येतो असं मांडलं. मेंदूच्या वेगवेगळ्या भागांची कामं वेगवेगळी असतात एवढा त्याचा मूळ विचार बरोबर निघाला, कवटीचा भाग पूर्ण चुकीचा. कपाळाच्या रुंदीवरून बुद्धी कळत नाही, विषय संपला.

डावा-उजवा मेंदू. यात अर्धं खरं आहे, ते मान्य. बहुतेक माणसांची भाषा मुख्यतः डाव्या अर्ध्यात असते, आणि दोन्ही अर्ध्यांना जोडणारा पूल कापलेल्या रुग्णांवर रॉजर स्पेरी या अमेरिकन शास्त्रज्ञाने जे काम केलं त्याला १९८१ साली नोबेल मिळालं. अशा रुग्णाच्या डाव्या हातात न दाखवता एखादी वस्तू दिली तर हात ती ओळखतो, पण तोंडाने तिचं नाव सांगता येत नाही, कारण ती माहिती पोचते उजव्या अर्ध्यात आणि बोलतो डावा. पण यावरून कलाकार आणि हिशोबी अशा माणसांच्या दोन जाती काढणं हा शुद्ध बाजार आहे. २०१३ साली अमेरिकेतल्या युटा विद्यापीठाने हजारावर लोकांचे स्कॅन तपासले, एक अख्खी बाजू जास्त वापरणारी माणसं त्यांना सापडली नाहीत.

हृदय विचार करतं, आपल्या पूर्वजांना हे माहीत होतं, असंही त्यात ठासून लिहिलंय. पूर्वी खूप लोकांना तसं वाटायचं हे खरं आहे. इजिप्तमध्ये ममी करताना हृदय जपून ठेवायचे आणि मेंदू नाकातून काढून टाकायचे, ॲरिस्टॉटल तर मेंदू रक्त थंड करतो असं म्हणायचा. चरकसंहितेतही चेतनेचं स्थान हृदय म्हटलंय. पण त्याच संहितेच्या सूत्रस्थानात, १७ व्या अध्यायात, प्राण आणि सगळी इंद्रियं जिथे आश्रयाला असतात ते सगळ्या अंगांमधलं उत्तम अंग म्हणजे शिर, असंही स्वच्छ लिहिलंय. पूर्वजांचं नाव घ्यायचं तर सगळं वाचून घ्या, सोयीची ओळ उचलू नका.

आणि हा वाद तेव्हाही नुसता बोलण्यावर राहिला नव्हता. हिप्पोक्रेटिस या ग्रीक वैद्याच्या परंपरेतल्या वैद्यांनी सुमारे २,४०० वर्षांपूर्वी लिहून ठेवलं की सुख, दुःख, विचार, भ्रम सगळं मेंदूतून येतं आणि फेफरं हा दैवी कोप नाही, मेंदूचा आजार आहे. पुढे दुसऱ्या शतकात गॅलेन या ग्रीक वैद्याने लोकांसमोर ओरडणाऱ्या डुकराच्या स्वरयंत्राकडे जाणाऱ्या बारीक नसा बांधल्या, आणि डुक्कर जिवंत, धडपडतंय, हृदय चालू, पण आवाज बंद. आवाज छातीतल्या हृदयातून येतो म्हणणाऱ्यांना ते उत्तर होतं. हृदयात स्वतःच्या चेतापेशी आहेत हे बरोबर आहे, पण त्या ठोके सांभाळायला. १९६७ साली केपटाऊनला पहिलं हृदय दुसऱ्या माणसात बसवलं, तेव्हा शुद्धीवर आलेला रुग्ण आपल्या बायकोला ओळखत होता, हृदय देणाऱ्या मुलीच्या आठवणी घेऊन तो उठला नाही.

आता १० टक्के. आइन्स्टाइनने असं म्हटल्याची कुठेही नोंद नाही. विल्यम जेम्स हे अमेरिकन मानसशास्त्रज्ञ म्हणायचे की माणूस आपल्या अंगातल्या क्षमतेचा थोडाच भाग वापरतो, आणि ते कुणालाही पटेल, पण ते क्षमतेबद्दल होतं. मग १९३६ मध्ये डेल कार्नेगीच्या गाजलेल्या पुस्तकाच्या प्रस्तावनेत लोवेल थॉमस या पत्रकाराने जेम्सच्या नावावर १० टक्के हा आकडा लिहिला, आणि पुढे क्षमतेच्या जागी मेंदू कधी आला ते कुणाला कळलंही नाही.

मेंदूचं वजन साधारण १.३ ते १.४ किलो, म्हणजे शरीराच्या २ टक्के वगैरे, पण नुसतं पडून असतानाही शरीराची जवळपास २० टक्के ऊर्जा तो एकटा खातो. ९० टक्के रिकामा अवयव शरीराने एवढा पोसला असता का? स्कॅनमध्ये झोपेतसुद्धा कायमचा बंद पडलेला असा भाग दिसत नाही. सगळे भाग एकाच वेळी जोरात काम करत नाहीत हे खरं, पण ते व्हायलाही नको, खूप चेतापेशी एकदम पेटल्या तर त्याला फिट म्हणतात.

आणि मुख्य म्हणजे मेंदूबद्दल माणसाला जे कळत गेलं ते इजा झालेल्या माणसांकडे नीट बघूनच. मेंदूचा खरोखर ९० टक्के भाग रिकामा असता तर बहुतेक इजांनी काहीच बिघडलं नसतं आणि हे शास्त्र जन्मालाच आलं नसतं. एडविन स्मिथ पपायरस म्हणून जवळपास ३,६०० वर्षांपूर्वीचा इजिप्तचा लेख आहे, त्यात ४८ रुग्णांची वर्णनं आहेत. एकाच्या कानशिलाला खोल जखम झालीय, वैद्य विचारतो पण तो बोलत नाही, दोन्ही डोळ्यांतून पाणी वाहतंय आणि लहान मुलासारखं तो ते हाताच्या मागच्या बाजूने पुसतोय, आपण पुसतोय हे त्याचं त्यालाच कळत नाहीये. जखम कानशिलाला आणि गेली वाचा, हे त्या वैद्याने तेव्हा टिपून ठेवलंय!

कपाळामागचा भाग तर फार काळ लोकांना निकामीच वाटायचा, कारण तिथे विजेचा झटका दिला तरी हातपाय हलत नसत. पण १८४८ साली अमेरिकेत फिनिअस गेज या रेल्वेच्या मुकादमाच्या गालातून शिरून डोक्यातून सुमारे ६ किलोची लोखंडी पहार आरपार गेली, तो वाचला, चालत-बोलत होता, आणि तरी ओळखीचे लोक म्हणायला लागले की हा आता गेज राहिला नाही, इतका स्वभाव बदलला. तथाकथित रिकाम्या भागात काय होतं ते असं कळलं.

आता ज्या ओळीमुळे मी हे लिहायला बसले ती. वाचा गेली म्हणजे समज गेली. ही ओळ वाचून किती घरांत माणसाच्या समोर, तो नाहीच असं धरून बोलणं सुरू झालं असेल याचा विचार करूनच अंगावर काटा येतो.

१८६१ साली पॅरिसजवळच्या बिसेत्र रुग्णालयात पॉल ब्रोका या सर्जनकडे लेबोर्न नावाचा ५१ वर्षांचा रुग्ण आला, पाय सडल्यामुळे. तो तिथे वर्षानुवर्षं राहत होता आणि काहीही विचारलं तरी "तान, तान" एवढंच बोलायचा, म्हणून त्याचं नावच तान पडलेलं. ब्रोकाने त्याला विचारलं, इथे येऊन किती वर्षं झाली? त्याने डावा पंजा चार वेळा उघडला आणि मग एक बोट दाखवलं. २१. बरोबर होतं. ब्रोकाने दुसऱ्या दिवशी तेच विचारलं, तेच उत्तर. तिसऱ्यांदा विचारल्यावर आपली परीक्षा घेतली जातेय हे तानला कळलं आणि तो चिडला, आणि चिडल्यावर त्याच्या तोंडून एक शिवी स्पष्ट बाहेर पडली, कारण रागात येणारे शब्द आणि ठरवून बोललेले शब्द मेंदूत एकाच वाटेने येत नाहीत. समज नसलेला माणूस असा चिडेल का?

तो काही दिवसांतच गेला. ब्रोकाने मेंदू तपासला तर इजा डाव्या बाजूच्या पुढच्या भागात. तो मेंदू पॅरिसमध्ये जपून ठेवलाय, २००७ साली त्याचे एमआरआय प्रसिद्ध झाले आणि इजा ब्रोकाला दिसली त्याहून खोलवर गेलेली निघाली, पण मूळ गोष्ट बदलली नाही. न्यूरोसायकॉलॉजीचा, म्हणजे मेंदू आणि वागणं-बोलणं यांच्या नात्याच्या शास्त्राचा पाया ज्या रुग्णांवर उभा आहे त्यात तानचं नाव पहिल्या रांगेत आहे, आणि तो ठरवून एक शब्द बोलू शकत नव्हता पण २१ मोजत होता.

थोडं कबूल करायला हवं. १८७४ मध्ये कार्ल वेर्निकेने दुसरा प्रकार दाखवला, त्यात माणूस भराभर बोलतो पण बोलण्याला अर्थ लागत नाही आणि समोरच्याचं बोलणंही त्याला नीट कळत नाही. म्हणजे काही रुग्णांना शब्द समजायला खरंच अडचण येते. पण शब्द न समजणं आणि अक्कल जाणं यात जमीन-अस्मानाचा फरक आहे, असा माणूसही चेहरा वाचतो, आवाजाचा सूर ओळखतो, आपल्याला वगळलं जातंय हे त्याला कळतं. तेव्हा त्यांच्याशी बोला. एका वेळी एकच गोष्ट, छोट्या वाक्यात, हो किंवा नाही म्हणता येईल असं विचारा, मान हलवायला वेळ द्या, त्यांचं वाक्य घाईने तुम्ही पुरं करू नका. काहींना बोलता येत नाही पण ओळखीच्या गाण्याची ओळ म्हणता येते, तीही म्हणू द्या.

राहिला ताबा घेण्याचा मुद्दा. मेंदू स्वतःची जुळणी बदलतो हे खरं आहे, आसपासचे भाग आणि कधी दुसरी बाजू गेलेलं काम थोडंफार उचलतात. गेजसुद्धा पुढे चिलीत काही वर्षं घोडागाडी चालवत होता. पण ते भाग रिकामे बसलेले नसतात, आपलं काम सांभाळून नवं शिकतात, म्हणून त्याला स्पीच थेरपी लागते, फिजिओथेरपी लागते, रोजचा सराव लागतो. सुधारणा पहिल्या काही महिन्यांत जास्त दिसते आणि नंतरही हळूहळू होत राहते. ४० दिवसांचा आकडा कुणीतरी मनाने घातलाय.

आणि गोळ्या. बहुतेक स्ट्रोक रक्ताच्या गाठीने मेंदूची रक्तवाहिनी बंद झाल्यामुळे येतात. रक्त पातळ करायची गोळी पुढची गाठ होऊ नये म्हणून असते, बीपीची गोळी वाहिन्यांवरचा ताण कमी ठेवायला, यातली कुठलीही मेंदूला झोपवत नाही. ती परस्पर बंद केली की दुसऱ्या स्ट्रोकचा धोका वाढतो. मोठी वाहिनी बंद पडली तर उपचारांशिवाय दर मिनिटाला सुमारे १९ लाख चेतापेशी मरतात असा हिशोब आहे, आणि गाठ विरघळवायचं इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आतच देता येतं. रक्तस्रावाने आलेल्या स्ट्रोकची औषधं वेगळी असतात, म्हणून कुठली गोळी चालू ठेवायची, कुठली बदलायची हे ज्या डॉक्टरांनी स्कॅन बघितलाय त्यांनाच विचारा.

तुम्ही हा मेसेज पुढे पाठवला असेल तर ज्या ज्या ग्रुपवर टाकला तिथे आजच लिहा की गोळ्यांची ओळ चुकीची आहे. ज्यांच्या घरी असा पेशंट आहे त्यांना मेसेजवर न थांबता फोन करून सांगा.